कापडाखालची बोटं

त्या दिवशी साडेनऊला माझे पती ऑफिसला गेले. अकराला तिथून फोन आला. एक वाजता दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले आणि पती गेल्याचं त्यांनी सांगितलं.

चार महिन्यांनी त्यांच्या खात्याचं पत्र आलं. अनुकंपा तत्त्वावर मला टंकलेखकाची जागा मिळत होती. अट एकच, वर्षाच्या आत कन्नड टायपिंगची परीक्षा पास व्हायचं. नाही झाले तर जागा जाणार. मी चव्वेचाळीस वर्षांची, निपाणीकडची. शिक्षण एम.ए.पर्यंत, पण सगळं मराठीत. कन्नड बोलता-वाचता येत होतं, टाइप मात्र कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

चामराजपेटेत आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, कागदाच्या दुकानावर एक इन्स्टिट्यूट आहे. नऊ लोखंडी मशीनं, खिडकीत एक खुर्ची. आमची परीक्षा अजून अशाच मशीनवर व्हायची. शिकवणारे सर सत्तरीच्या पुढचे. पहिल्या दिवशी त्यांनी मशीनच्या वरच्या कडेला एक सुती कापड बांधलं आणि त्याचं दुसरं टोक माझ्या मनगटांवर सोडलं. हात दिसेनासे झाले.

"बोटांना बघायचं नाही, अक्का. डोळे कागदावर."

पंधरा दिवस फक्त कळांची मधली रांग. एक ओळ दहा वेळा बिनचूक आली की पुढची. नवव्या वेळी चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. एका बैठकीत जाडजूड पुस्तक संपवणारी मी, आठ अक्षरांपाशी अडून बसले होते. एकदा न राहवून वेगाबद्दल विचारलं.

"त्याचं नाव काढू नका," सर म्हणाले. "आधी चुकांना घालवू, मग त्याला बोलावू."

सर बहुतेक वेळ खिडकीकडे तोंड करून कॉफी पीत उभे असत. मागे नऊ मशीनं एकदम खडखडत. एकदा ते तसेच, न वळता म्हणाले, "पाच नंबर, डावी करंगळी." पाच नंबरवर राजाजीनगरहून येणारी एक तरुण बाई बसायची. तिने कागद वर सरकवला. एक अक्षर पुसट उठलं होतं. माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम करंगळीचं अक्षर मधल्या बोटाने मारलं.

"अक्का," खिडकीतून आवाज आला, "परीक्षा तुमची आहे, माझी नाही."

मी हात आवरून बसले. जे काही शिकण्यासारखं आहे ते पुस्तकात असतं, अशी माझी समजूत होती. या माणसाच्या कानात जे होतं ते लिहून ठेवायला कागद पुरला नसता.

तिसऱ्या महिन्यात उतारे सुरू झाले आणि मी आपटले. सरांनी माझा कागद लाल करून परत दिला. शेजारच्या मशीनवरची मुलगी मान लांब करून बघत हसलीच. "आंटी, हा तर नवाच उतारा! तुम्ही लेखिका की काय?"

अक्षर एकही चुकलं नव्हतं. शब्दच वेगळे होते. छापील उताऱ्यात 'समय' होतं, मी 'वेळे' टाइप केलं होतं. तोही कन्नड शब्दच, अर्थही तोच. एका ठिकाणी तर वाक्याची दोन टोकंच मी अदलाबदल केली होती.

सरांनी बराच वेळ कागद पाहिला. "मनात कुठल्या भाषेत वाचता?"

"मराठीत."

"म्हणजे कागदावरून मराठीत, मराठीतून परत कन्नडात. तेवढा वेळ बिचारं मशीन वाट बघतं. स्वल्प कमी वाचा, अक्का. तुम्हाला फार समजतं."

उपाय त्यांनीच काढला. महिनाभर मी प्रत्येक उतारा शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे टाइप करायचा. उलट्या क्रमाने अर्थ लागत नाही, त्यामुळे भाषांतर करायला काही उरत नाही. पहिले काही दिवस डोकं दुखायचं. अर्थ शोधायची सवय हाताला धरून मागे ओढायची. मग ती थकली.

महिना संपल्यावर त्यांनी एक सरळ उतारा दिला आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. दहा मिनिटं. त्यांनी थांबायला सांगितलं तेव्हा मी थांबले. वेळेआधीच उतारा पुरा झाला होता आणि मी तो दुसऱ्यांदा सुरू केला होता. चूक एकच.

"कशाबद्दल होता?" सरांनी विचारलं.

मला सांगता येईना. मी छापील कागद उचलला आणि वाचला. दवाखान्याचे नियम होते. रुग्णाला भेटायची वेळ, नातेवाइकांनी कुठे थांबायचं, डॉक्टर कधी बाहेर येऊन बोलतील.

बसमधून दवाखान्याची पाटी दिसली तरी मी तोंड फिरवत होते. आणि माझी दहा बोटं त्या सगळ्या शब्दांमधून न अडखळता चालत गेली होती. मी कापड बाजूला करून हात पाहिले. नखं तीच, उजव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग तोच. माझ्याच अंगात इतकं काही घडलं होतं आणि मला त्याची खबर नव्हती. पती जाऊन आठ महिने होत आले होते. त्या आठ महिन्यांत प्रथमच, दहा मिनिटं, ते माझ्या मनात नव्हते. जिना उतरताना त्याची खंत वाटली. पण आधी, त्या स्टुलावर, मी नुसती थक्क होऊन बसले होते.

सरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "फॉर्म भरा."

मी पास झाले. जागा टिकली. आता मी पतींच्याच खात्यात कॉम्प्युटरवर टाइप करते. दिवसभर काय टाइप केलं ते संध्याकाळी सांगता येत नाही. घरी आल्यावर मी मराठी वाचते, आणि वाचताना मला त्यांची आठवण येते.