गोकुळ रोडवर नुसतं उभं राहणं

"अत्ती, तुम्ही गोकुळ रोडवर नुसत्या उभ्या राहाल का?" सुनेनं माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं ते हे. लग्नाला तीन वर्षं झाली होती. ती कानडी घरातली, सासूला अत्ती म्हणणारी, मराठीही नेटकं बोलते. पण आमच्यात सगळं पाहुण्यांसारखं चालायचं. चहा ठेवू का, ठेव, बसा, नको उठू. त्यामुळे तिनं मागितल्यावर, काय मागितलं ते न कळताच मी हो म्हणून बसले.

ती हुबळीत विद्यानगरच्या एका कॉलेजात शिकवते. शहरातल्या जागांत बायका कशा वावरतात यावर ती सिनेमा करत होती, डोळ्यांवर गॉगल चढवून बघायचा. गॉगल चढवला की बघणारा त्या रस्त्यातच उभा, मान वळवावी तिकडे रस्ता. बाईनं काहीही काम नसताना तिथं थांबायचं, हाच म्हणे अभिनय. हे तिनं मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी समजल्यासारखी मान हलवली.

आता धारवाडच्या आमच्या मळमड्डीतल्या निम्म्या लोकांनी मला गणपतीच्या नाटकांत पाहिलंय. अभिनय म्हटल्यावर मी थोडीच ऐकते. ठेवणीतली इरकली काढली, अंबाडा घातला, आरशासमोर उभं राहण्याची तालीम केली. नमनालाच घडाभर तेल. सून म्हणाली, "छान दिसताय, पण पिशवी नको, मोबाईल नको." रिकाम्या हातांनी मी कधी घराबाहेर पडले होते ते आठवेना. हातांचं करायचं काय, हा प्रश्न गाडी हुबळीला गोकुळ रोडवर पोचली तरी सुटला नव्हता.

कॅमेरा म्हणजे काठीवर बसवलेला नारळाएवढा गोळा, चहूबाजूंनी भिंगं. तो एका वर्कशॉपच्या फाटकाजवळ उभा केला.

"प्रेक्षक कुठल्या अंगाला?" मी विचारलं.

"सगळीकडे, अत्ती."

"मग पाठ कुणाकडे करू?"

यावर ती हसली आणि माझ्या पदराखाली माइक लावून रस्ता ओलांडून गेली. गोळ्याला सगळीकडचं दिसतं, म्हणून त्याच्या मागं कुणी उभं राहायचं नसतं. ती समोरच्या बसथांब्यावर प्रवासी होऊन उभी राहिली, कानात माझा आवाज ऐकत. मी तिकडे बघायचं नव्हतं आणि कुणाला थांबण्याचं कारण सांगायचं नव्हतं. कॅमेरा बेंगळुरूहून एका दिवसापुरता आणला होता. म्हणजे मी चुकले तर तिचा सिनेमाच बसला.

मी उभी राहिले. थोड्याच वेळात लेथवरचा माणूस हात पुसत बाहेर आला. "याक निंतीरि, अक्का?" का उभ्या आहात, असं इतक्या अदबीनं विचारलं की माझ्या तोंडून निघून गेलं, "बस." त्यानं समोरचा थांबा दाखवला. मी मान हलवली आणि तिथंच उभी राहिले. तो बिचारा माझ्याकडे बघतच आत गेला. मी कोण, काय करतेय, हे आता मलाही नीट सांगता आलं नसतं.

मग केळीवाली आली. बरं नाही का, घरचं कुणी नाही का, बसायला स्टूल आणू का, असं कानडीत विचारत ती अगदी जवळ आली. मी तिला सांगून टाकलं, "मगळु बराकत्ताळ." मुलगी येतेय. तिचं समाधान झालं आणि ती गेली. मला मुलगी नाही. एकच मुलगा.

धारवाडला परतताना सून तो गोळा मांडीवर घेऊन बसली होती. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. तिचा की माझा, तेही कळेना.

आठ-दहा दिवसांनी तिनं मला घरी खुर्चीत बसवून तो गॉगल चढवला. मी आधी स्वतःला शोधलं. फाटक दिसलं, ट्रक दिसला, मग एक बाई दिसली, पदराचं टोक पिळत उभी. नाटकात कुणी असं उभं राहिलं असतं तर मी तिला घरी पाठवलं असतं. "बस," ती लेथवाल्याला म्हणाली. लाज वाटून मी मान उलट्या बाजूला वळवली, तर समोर थांब्यावर सून. बस आली, गेली, ती हलली नाही. ती एकटक माझ्याकडे बघत होती. मग कानात माझाच आवाज आला, मगळु बराकत्ताळ. तिनं पटकन मान खाली घातली.

खोलीतल्या सुनेचा हात माझ्या खांद्यावर आला. "अत्ती, कुठली मगळु?"

आवाज कुठून आला ते कळेना. मी थांब्यावरचीलाच सांगितलं, "तूच की गं. दुसरं कोण होतं तिथं?"

हे तेव्हा मनातून आलं होतं की नुसती थाप होती, ते मला आजही सांगता येणार नाही. हात खांद्यावर तसाच होता.

"बोलणं काढून टाक म्हणतात कॉलेजातले सगळे," ती म्हणाली. "पण राहू दे तसंच."

थांब्यावरची डोळे पुसत होती. खोलीतली काय करतेय ते मला दिसत नव्हतं, आणि गॉगल काढायचं धाडस होईना.