काशीदच्या पुढची पुळण

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची आगबोट सुटली, तेव्हा आम्हा दोघांपैकी कुणीही मागे वळून मुंबईकडे पाहिले नाही. निघण्याचा उत्साह म्हणावा तर तोही नव्हता. मान वळवण्याचे त्राणच अंगात उरले नव्हते.

मी एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. नाताळची सुट्टी नुकतीच लागली होती. माझी आई आश्विनात वारली. त्याआधी कित्येक वर्षे ती अंथरुणाला खिळून होती, आणि तिचे सारे काही माझ्या पत्नीने, यमुनेने केले. दिवसकार्य आटोपले, पाहुणे पांगले, घर एकदम रिकामे झाले. आता यमुनेला विश्रांती मिळेल असे मला वाटले होते. पण दुपारी ती भिंतीला टेकून बसे आणि डोळा लागला न लागला तोच दचकून उठे. डॉक्टरांनी दोन-तीन औषधे बदलून पाहिली आणि शेवटी म्हणाले, "बाटल्या पुरे झाल्या. समुद्राच्या हवेला घेऊन जा."

आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांची बहीण मुरूडला दिलेली. ते म्हणाले, "अलिबागेला थांबू नका. काशीदच्या पुढे चला. तिथली पुळण पिठासारखी पांढरी, आणि माणूस म्हणून दिसायचं नाही." पुळण म्हणजे वाळूचा किनारा. कोकणातली वाळू पांढरी असते यावर माझा विश्वास बसला नाही, पण माणूस दिसायचे नाही हे ऐकून मी बिछाना बांधला.

आगबोटीत रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या कोळणी होत्या, केळ्यांचे घड होते आणि एक सारखी ओरडणारी शेळी होती. अर्ध्या वाटेत यमुनेला मळमळू लागले. शेजारच्या कोळणीने कनवटीची आवळकाठी काढून तिच्या हातावर ठेवली. रेवसला पोहोचलो तेव्हा ओहोटी. बोट दूर उभी राहिली आणि आम्हाला होडीतून उतरावे लागले. त्या उतरण्यात माझी ट्रंक चिखलात पडली. चित्रकलेचे कागद भिजून एकमेकांना चिकटले. एरवी मी हळहळलो असतो. त्या दिवशी नुसता पाहत राहिलो.

तिथून टांगा केला. पहिला मुक्काम किहीमला करायचा बेत होता. नारळीच्या बागा, त्यांच्या पोटात कौलारू बंगल्या, पलीकडे समुद्र. जागा खरोखर देखणी. पण सुट्टीमुळे मुंबईची श्रीमंत मंडळी आधीच येऊन दाखल झालेली. एका बंगलीच्या ओसरीवर ग्रामोफोन लागला होता आणि वाळूवर तरुण मुलामुलींचा चेंडूचा खेळ रंगात आला होता. खोली कुठे मिळते का, म्हणून विचारायला मी खाली उतरलो. यमुना टांग्यातूनच म्हणाली, "नको. पुढे जाऊ."

अलिबागेला एका खानावळवाल्याकडे माडीवरची खोली मिळाली. जेवण चांगले होते. वाळू मात्र काळसर, ओल्या दगडी पाटीच्या रंगाची. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो तर समोरून गिरगावातले आमचे शेजारी सहकुटुंब येताना दिसले.

"आई गेल्या म्हणे," शेजारी म्हणाले. "सुटल्या बिचाऱ्या."

त्यांच्या पत्नीने यमुनेचा हात धरला. "पण सून म्हणजे कशी असावी तर अशी! आमच्या घरी रोज तुमचं नाव निघतं हो." मग आवाज खाली आणून, "वर्षाच्या आतच हवा खायला निघालात का?"

यमुना हसली. आईच्या दिवसांत दारी येणाऱ्या प्रत्येकासाठी तिने ते हसू राखून ठेवलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, तर बिछाना बांधून ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

रेवदंड्यापर्यंत पुन्हा टांगा, आणि मग तरीतून (नावेतून) खाडीपार साळावला. इथून जंजिऱ्याच्या नबाबाचा मुलूख लागतो. पलीकडच्या काठावर उस्मानभाई नावाचे एक पिकल्या दाढीचे गाडीवान बैलगाडी घेऊन बसले होते. काशीदच्या पुढे जायचे म्हटल्यावर त्यांनी आधी आमच्याकडे, मग बैलांकडे पाहिले.

"जाईल गाडी, सायब. पन हा डावा बैल म्हातारा हाय, माझ्यासारखा. घाई करायची न्हाय."

"आम्हालाही घाई नाही," मी म्हणालो.

कोर्लईच्या किल्ल्याचे टोक मागे पडले. रस्ता कधी समुद्राला लगटून चाले, कधी टेकडीवर चढे. एका चढावर तो डावा बैल वाटेतच बसला. उस्मानभाईंनी त्याला मारले नाही, की शिवी दिली नाही. जू सोडले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतःही खाली टेकले.

"काय झालं त्याला?" मी विचारले.

"थकला, सायब. दुसरं काय व्हायचंय?"

मी घड्याळ काढले. यमुना गाडीतून उतरून बांधावर बैलाशेजारी बसली आणि म्हणाली, "बसू दे की त्याला. कुणाचं काही अडलंय का?" आम्ही चौघे, म्हणजे तीन माणसे आणि तो बैल, बराच वेळ तसेच बसून राहिलो. दुसरा बैल गवत खात होता. मुंबई सोडल्यापासून यमुना आपणहून इतके बोललेली ती पहिलीच वेळ.

ऊन कलताना सुरूच्या झाडांआडून पुळण दिसली. शास्त्रीबुवांची वाळू पिठासारखी पांढरी नव्हती. रंगाच्या माणसाला खोटे बोलता येत नाही. तिचा रंग कोऱ्या, न धुतलेल्या मांजरपाटाचा होता. पण काळ्या खडकांच्या आणि हिरव्या पाण्याच्या मध्ये ती अशी काही उजळली होती की पांढरी म्हणणाऱ्याला दोष देता येऊ नये. आणि माणूस खरोखर नव्हते. कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) काढलेली नक्षी तेवढी ठायी ठायी दिसत होती.

उस्मानभाईंच्या ओळखीने काशीआई नावाच्या वृद्ध कोळणीकडे आमची सोय झाली. नवरा वारलेला, मुलगा पोशा होडी घेऊन समुद्रावर जाई. सुकत टाकलेल्या बोंबलांच्या वलांडीला (काठ्यांच्या मांडवाला) लागून तिचे घर होते. वास उग्र होता, पण दोन घटकांत नाकाला त्याची सवय झाली. काशीआईने मागची पडवी झाडून दिली.

"तांदलाची भाकर हाय, बोंबलाचं कालवन हाय. दुसरं काय न्हाय," ती म्हणाली.

यमुना सवयीने पदर खोचून चुलीकडे निघाली. काशीआईने तिला दंडाला धरून पाटावर बसवले. "तू बस गो बाय. तुज्या डोल्याखाली किती कालं झालंय."

तिच्या हातची भाकरी मऊ होती आणि कालवणाने नाकातोंडातून पाणी आले. यमुना मागून घेऊन जेवली.

पुढचे दिवस मी वेगवेगळे आठवू शकत नाही. सकाळी आम्ही वाळूवर जात असू आणि ऊन चढले की सुरूंच्या सावलीत आडवे होत असू. मी चिकटलेले कागद सोडवून चित्र काढायला बसे आणि निम्म्यात ठेवून देई. यमुना झोपे. अधूनमधून दचकून उठे, भोवती पाही आणि पुन्हा आडवी होई. आमच्यात फारसे बोलणे होत नसे. इतकी वर्षे आम्ही औषधांच्या वेळांविषयी आणि आईच्या तापाविषयीच बोलत आलो होतो. तो विषय संपल्यावर दुसरा कोणता काढावा हे दोघांनाही सुचत नव्हते.

एके दुपारी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा शेजारी यमुना नव्हती. तिच्या पावलांचे ठसे वाळूवरून दक्षिणेकडे, खडपाच्या (समुद्रात शिरलेल्या खडकांच्या) दिशेने गेले होते. ठसे पाण्यापर्यंत होते, आणि पुढे पाणीच होते. मी झोपलो होतो तेवढ्यात भरती चढली होती. खडपाला वळसा घालून जाणारी वाट लाटांखाली गेली होती.

मी "अगं ए!" म्हणून ओरडलो. घरात आईसमोर तिला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती, तीच सवय पडलेली. उत्तर आले नाही. मग मी घशाला कोरड पडेपर्यंत "यमुना! यमुना!" अशा हाका मारल्या. लाट फुटल्याचा आवाज तेवढा परत येई. तिची झोप, तिचे मुके राहणे, सारे एकदम डोळ्यांपुढे आले आणि मनात नको ते आले. मी धोतर खोचून पाण्यात शिरलो. मला पोहता येत नाही. कमरेपर्यंत पाणी आले तोच एका लाटेने पाय उचलले आणि मला खडकावर नेऊन आपटले. खडकावरच्या कालवांच्या शिंपल्यांनी पाऊल चिरले. दुसरी लाट डोक्यावरून गेली, आणि तिसरी येण्याआधी कुणीतरी मानगूट धरून मला मागे ओढले. माझ्या हाका ऐकून पोशा धावत आला होता.

"मास्तर, तुमी कुटं चाललेव?" तो धापा टाकत म्हणाला.

"ती पलीकडे गेलीये! होडी काढ!"

"या लाटांत खडपाला होडी लावली तर फुटंल. पलीकडं उंचावर कोरडी जागा हाय. आमच्या बायका कालवं काढाया जातात, कदी कदी आडकतात."

तोवर काशीआईही येऊन पोहोचली. माझे पाऊल पाहून ती म्हणाली, "पानी वसरल (ओसरेल) तवा येल ती. तू बस."

"आणि नाही आली तर?"

ती माझ्या शेजारी वाळूत बसली आणि खडपाकडे पाहत राहिली. तिने नवऱ्याची अशीच वाट पाहिली होती का, हे मला विचारावेसे वाटले, विचारले नाही.

ऊन तांबूस झाले. पाणी हटत हटत खडकांचे माथे दिसू लागले. मग त्या खडकांना वळसा घालून, हातात वहाणा धरून यमुना चालत आली. लुगडे घोट्यापर्यंत भिजलेले, केस सुटलेले. ती घाईत नव्हती.

"हाका ऐकू आल्या नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"आल्या."

"मग?"

ती समोर उभी राहिली. "पहिल्या हाकेला वाटलं, सासूबाईच. उठून उभी राहिले. मग आवाज ओळखला तुमचा. तरी ओ द्यावीशी वाटली नाही. हाक आली आणि मी बसून राहिले, असं लग्न झाल्यापासून कधी घडलं नव्हतं. म्हटलं, आज बसून बघू." मग तिचे लक्ष माझ्या पायाकडे गेले. "तुम्ही पाण्यात शिराल असं नव्हतं वाटलं हो."

ती पटकन खाली बसली आणि पदर फाडायला हात घातला. मग थांबली. काशीआईने आणलेली चिंधी तिने माझ्या हातात दिली.

"बांधता येईल ना तुमचं तुम्हाला?"

मला राग आला होता, तो कुठे ठेवावा कळेना. मी पट्टी बांधली. वाईट बांधली, पण सुटली नाही. काशीआई तोंडाला पदर लावून हसत होती.

सुट्टी संपत आली. उस्मानभाई ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आले. मी ट्रंक चढवली आणि पाहिले, तर यमुनेचे बोचके पडवीतच.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी राहते आणखी. झोप अजून पुरी झाली नाही."

"एकटी? लोक काय म्हणतील?"

"ते मुंबईला आल्यावर ऐकेन."

मी काशीआईकडे पाहिले. ती म्हणाली, "ऱ्हाऊं दे. माज्या पोशाच्या होडीनं रेवदंड्याला पोचवीन."

वाटेत चढ संपल्यावर उस्मानभाई म्हणाले, "बाईसायब ऱ्हायल्या?" मी हो म्हटले. "ठीक केलं," एवढेच बोलून त्यांनी कासरा सैल सोडला. रेवसच्या बोटीत मी एकटा, लंगडत चढलो.

मुंबईत मी भात करपवला, शेजाऱ्यांना उडवाउडवीची उत्तरे दिली आणि घरातला शुकशुकाट म्हणजे काय ते प्रथमच पुरते ऐकले. असल्या घरात बसून तिने झोपावे, अशी मी अपेक्षा करत होतो.

पौष सरता सरता तिचे कार्ड आले आणि मी धक्क्यावर गेलो. बोटीतून उतरणाऱ्या गर्दीत मी तिला आधी ओळखलेच नाही. रापलेला चेहरा, डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी, आणि चाल एखाद्या कोळणीसारखी सरळ. पाटी मी घेतली. व्हिक्टोरिया गाडी करू का म्हटले, तर ती चालतच निघाली.

"इतके दिवस काय केलंस?" मी विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. थोडे पुढे गेल्यावर थांबून, माझ्याकडे नीट पाहून तिने पुन्हा सांगितले, "काही म्हणजे काहीच केलं नाही." शाळेत पहिला नंबर आलेली मुलगी घरी येऊन सांगते ना, तसा तिचा आवाज होता.