सोमवारची घागर

बाजारात अजून कोणी म्हातारं माणूस भेटलं की हटकून विचारतं, "काय जमनाबाई, तुमच्या तांड्यावर राहायची ती मुकी कवा गेली?" माझं टाळकंच सरकतं. मुकी! अरे मुडद्यांनो, त्या बाईसारखं बोलणं तुमच्या सात पिढ्यांत कोणाला जमलं न्हाई. आयुष्यात एकदाच बोलायच्या जागी बोलली, आन् त्या एका बोलण्यावर आज माझं घर उभं हाय. बसा, सांगते.

द्वारकाबाई तिचं नाव. तांड्यातली न्हवं, गावातल्या बड्या घरची. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या वरल्या अंगाला, वऱ्हाडच्या शिवेवर एक गाव हाय, तिथल्या उकंडरावाची ती भावजय. लगीन होऊन वर्स झालं न झालं तोच नवरा पटकीनं गेला. पोटी लेकरू न्हाई, माहेरी कोणी उरलेलं न्हाई. अशी बाई ज्या घराला बोज वाटते त्या घरात तिला लोटाझाडाला ठेवतात. पण उकंडरावानं तिला मानानं वागवलं. लोक म्हणायचे, काय देवमाणूस हाय! मी बी म्हणायचे, खोटं कशाला बोलू.

निजामाचं राज होतं तवा. वढ्याच्या अल्याड आमी, पल्याड वऱ्हाड म्हंजे इंग्रजाचा मुलूख. मधी करोडगिरीचा नाका, जकातीचा. जाणाऱ्या-येणाऱ्याची गाठोडी सोडायची, बैलगाडीत हात घालायचा. त्यातून आमी तांड्याची माणसं दिसलो की मग काय विचारता! घागऱ्याच्या नाड्यापर्यंत तपासणी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं. पण त्याच नाक्यावरून दर सोमवारी उकंडरावाच्या घरच्या बाया जायच्या, आन् तिथला जमादार पायातलं काढून बाजूला उभा राहायचा.

त्यांचं व्रत होतं. वढ्याच्या पल्याड एक महादेव हाय. तिथून तांब्याच्या घागरी भरायच्या, डोक्यावर घेऊन घरी यायचं आन् घरच्या पिंडीवर धार धरायची. घागर भरली की पिंडीपर्यंत बोलायचं न्हाई, घागर भुईला टेकवायची न्हाई. वर बेलाची पानं, आत कापूर. वाटेनं कापराचा वास दरवळायचा. रस्त्यातली माणसं हात जोडायची. पंचक्रोशीत त्या घराचं मौन म्हंजे नाव होतं.

आन् त्या घागरीत काय होतं? अफू! माळव्याची असली अफू, वऱ्हाडातून आलेली, पाण्यात विरघळवलेली. कापूर वास मारायला, बेल रंग झाकायला. घरी नेऊन ते पाणी आटवायचं की पुन्हा काळा गोळा तयार.

हे सगळं मला द्वारकाबाईनं मागून सांगितलं. उकंडरावाला मी आजही शिव्या देते, पण त्याच्या डोक्याला मानते बाबा! त्या घरात मालाला नावच न्हवतं. 'देवाचं' म्हणायचे बस्स. घरातला पुरुष त्याला बोट लावायचा न्हाई. पुरुष चावडीवर बसून पान खायचे, नाक्यावरच्या जमादाराला रामराम घालायचे. तिकडं पल्याड भरणारी बाई वेगळी, तिला माल कुठं जातो ते ठाऊक न्हाई. आटवणारी वेगळी, तिला तो कशाचा तरी काढा वाटायचा. नवी सून आली तर दोन लेकरं होईस्तोवर तिला यातलं काही कळू द्यायचं न्हाई. दोन लेकरांची आई जाते कुठं? पंचमीला दुसऱ्या घरच्या लेकी-सुना माहेरी झोके घ्यायला जायच्या, या घरच्या सुना न्हाई. आईपाशी लेकीचं तोंड सैल सुटतं, म्हणून.

आन् सोयरीक! माल जिकडं न्यायचा तिकडंच लेक द्यायची. एक लेक जवळा बाजारला दिली, एक परभणीकडं, सून वऱ्हाडातून आणली. बारसं हाय, डोहाळजेवण हाय, म्हणून गाड्या जायच्या-यायच्या. व्याह्याच्या गाडीला कोण विचारतंय? लोकांना वाटायचं, काय गोतावळा हाय! तो गोतावळा म्हंजेच रस्ता होता.

फुटायचं कोणी न्हाई. एकदा सटवाजी म्हणून त्यांचा गडी बाजारात दारूच्या नादात काहीबाही बरळला. कोणी त्याला मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. आठ दिवसांत त्याचं घर मोकळं. बायको-लेकरं, कोंबड्या सुद्धा गायब. कुठं गेला, काहून गेला, गावानं विचारलं न्हाई. द्वारकाबाई त्या मोकळ्या घरासमोरून रोज पाण्याला जायची.

पोटी लेकरू नसलं तरी तिला जायला माहेरच न्हवतं, म्हणून त्या घरात सगळ्यात भरवशाची घागर तिचीच होती. जमादार समोर उभा राहिला तरी तिची पापणी हालत न्हवती.

आता माझं ऐका. साल मला सांगता येत न्हाई. मोठ्या लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत न्हवतं. माझा धर्मसिंग तवा रांगतं लेकरू. त्याच्याआधी दोन मातीत घातलेली. ह्याला दात येऊन राहिले होते आन् अंगात ताप, असा की हात लावला तर चटका. माझा मालक खेमा बैल घेऊन जवळा बाजारला गेलेला. मी एकलीच लेकरू पाठीशी बांधून वऱ्हाडातल्या वैद्याकडं गेले. त्यानं कडू पुडी दिली, चाटवली, आन् मी परत फिरले.

नाक्यावरल्या जवानांनी अडवलं. "ऐ औरत, गठडी खोल." खोलली. पुडी उघडून पाहिली, हुंगली, निम्मी भुईवर सांडली. लेकराची बाळुती झटकली. उन्हात बसवून ठेवलं. लेकरू रडून रडून गप्प झालं, नुसतं धापा टाकत होतं.

तेवढ्यात त्या दोघी आल्या. पुढं उकंडरावाची बायको नर्मदाबाई, मागं द्वारकाबाई. डोक्यावर घागरी. जमादार उठला, पायातलं काढलं. आन् मला वाटलं, महादेवानंच धाडलं! मी लेकरू काखेत घेऊन धावले आन् द्वारकाबाईचे पाय धरले. "माय, घोटभर तीर्थ दे. दोन गेली माझी. एवढं एक ठेव."

ती उभीच. बाजूनं जायला लागली तर मी पाय सोडीना. जमादार बी भला माणूस, देवाला भिणारा. म्हणाला, "दे ना बाई, बच्चे का मामला है." न्हाई कसं म्हणणार? बोलायचं तर न्हाईच. नर्मदाबाईनं मागं वळून नुसता एक डोळ्याचा इशारा केला, दे आन् चल. द्वारकाबाई गुडघ्यावर बसली, घागर डोक्यावरून मांडीवर घेतली. काठ तिनं गच्च धरून ठेवला. मला वाटलं, व्रत मोडतं म्हणून भेत असंल.

मी काय तिच्या देण्याची वाट पाहिली? माझा धीर कुठला! बेलाची पानं सारली, ओंजळ बुडवली आन् लेकराच्या तोंडाला लावली. त्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. वैद्याची पुडी बी कडूच होती, मला काय कळतंय. मी दुसरी ओंजळ भरली.

"देऊ नको! अफू हाय ती!"

द्वारकाबाई इतक्या मोठ्यानं ओरडली की नाक्यावरल्या गाड्यांचे बैल बुजले. वर्सानुवर्सं तिचा आवाज त्या नाक्यावर कोणी ऐकला न्हवता. जमादार तसाच हात जोडून उभा, त्याला समजेचना काय झालं ते. तिनं घागर टाकून दिली, लेकरू माझ्या हातातून ओढलं, पालथं घातलं, घशात बोट घातलं. ओकारी काढली, पुन्हा बोट घातलं. कोणीतरी मिठाचं पाणी आणलं, ते पाजलं, पुन्हा ओकारी. तळव्याला चापट्या मारून राहिली होती आन् मला सांगून राहिली होती, "झोपू देऊ नको. काही बी कर, चिमटे काढ, रडव, पण उजाडेस्तोवर झोपू देऊ नको. हिंगाचं पाणी दे. झोपलं तर उठणार न्हाई." जवानांनी तिचे दंड धरले तरी ती मान वळवून तेच सांगत होती.

आन् नर्मदाबाई? ती चालत राहिली. डोक्यावरची घागर हालली न्हाई, मुंडी वळली न्हाई. त्या गोंधळात तिला कोणी अडवलं न्हाई. सरळ घरी गेली. काय छाती म्हणावी ती बी!

मी लेकरू घेऊन तांड्याकडं पळाले. ती रात मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. चिमटे काढून काढून त्याची मांडी काळीनिळी केली. तांड्यातल्या बाया आळीपाळीनं त्याला रडवत होत्या. पहाटे त्यानं दूध मागितलं आन् मी मोठ्यानं रडले.

द्वारकाबाईला हिंगोलीला नेलं. खेमा नंतर कचेरीत जाऊन ऐकून आला. अमीनसाहेब, म्हंजे तिथला फौजदार, विचारायचा, माल कोणाचा? नाव सांग, सोडतो. मारून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. बाईनं तोंडातून ब्र काढला न्हाई. मुन्सफापुढं उभी केली, तिथं बी तेच. "मुजरिम गूंगी है क्या?" मुन्सफानं विचारलं म्हणे. सजा ठोकली, आन् तवापासून ते नाव पडलं, मुकी. इकडं घराच्या झडतीत काही घावलं न्हाई, आन् उकंडरावानं गावाला सांगितलं, बाई चळली, तिनं देवाची घागर बाटवली. वढ्यावर जाऊन तिच्या नावानं पाणी सोडलं, गावजेवण घातलं. लोक जेवले बी, लाज न्हाई मेल्यांना!

पुढं एकदा मी तिला चिडूनच विचारलं, "काहून नाव घेतलं न्हाई त्या हलकटाचं?" ती म्हणाली, "त्याचं नाव घेऊन त्याचं काय झालं असतं जमना? त्यानं कधी घागरीला बोट लावलं? नर्मदाबाईला नेली असती, आटवणारीला नेली असती, तिकडं भरणारीला नेली असती. सगळ्या लेकुरवाळ्या. मी एकटी होते, मी गेले." आणखी एक विचारलं होतं मी. म्हणलं, "घागर सांडून द्यायची की. ठेच लागली म्हणायचं. दुसरी ओंजळ बी टळली असती आन् तू बी वाचली असतीस." तर माझ्याकडं अशी बघितली, जशी काही मीच येडी. "आन् एक घोट पोटात गेला होता त्याचं? तुला कोणी सांगायचं काय गेलं ते? ताप उतरला म्हणून थोपटून निजवलं असतंस त्याला."

पापणी लवायच्या आत ह्या बाईनं एवढा विचार केला, आन् डोळ्यांपुढं सटवाजीचं मोकळं घर दिसत असताना केला.

असो. तर ती सुटून आली तो दिवस सांगते. रझाकाराची धामधूम होऊन निजाम गेला, त्याच सालची दिवाळी होऊन गेलेली. मी दारात मूग पाखडत होते. कुडापलीकडं कोणी बाई उभी. केस पांढरे, अंगावर जुनेर, पाय धुळीनं भरलेले. मी ओळखलं न्हाई. म्हणलं भाकर मागायला आली असंल. म्हणलं, "ये बाई, आत ये." ती आत येईना. कूड धरून उभी राहिली. मग खरडल्यागत आवाज आला.

"लेकरू हाय का?"

सूप हातातून पडलं माझ्या. अगं माय! द्वारकाबाई ही! तिला ठाऊकच न्हवतं. एवढी वर्सं तुरुंगात बसून तिला ठाऊक न्हवतं की माझं लेकरू जगलं का मेलं. अमीनाला विचारलं असतं तर त्यानं तांड्यावर माणूस धाडून सांगितलं असतं. पण एक गोष्ट विचारायला तोंड उघडलं की तो दुसरी विचारणार, म्हणून तिनं ते बी विचारलं न्हाई. तशीच राहिली. सुटल्यावर घर पाहिलं न्हाई, गाव पाहिलं न्हाई, हिंगोलीहून पायी माझ्या दारात आली, हे विचारायला.

मला रडूच कोसळलं. ती माझ्या तोंडाकडं बघून राहिली आन् माझ्या रडण्याचा भलताच अर्थ लावला तिनं. कूड सोडून मागं वळली. तवा मी बोंब मारली, "धर्माऽऽ! ए धर्मा, इकडं ये!"

झोपडीमागून पोरगं आलं. गुडघे फुटलेले, नाक वाहून राहिलेलं, हातात वासराचं दावं. तिच्यासमोर जाऊन उभं राहिलं. ती त्याला नुसती बघतच राहिली, डोळ्याला धार. पोरानं तिला खालवर न्याहाळलं. आधीच उर्मट, त्यात लाडावलेलं.

"याडी, ही कोण व्हय?" मला विचारलं, आमच्यात आईला याडी म्हणतात. मी पदरानं डोळे पुसत होते, तर तिच्याकडं वळला. "बोल की. मुकी हायस का?"

द्वारकाबाई तिथंच धुळीत खाली बसली. त्याचा मळका हात तिनं दोन्ही हातांत धरला.

"न्हाई रे राजा," म्हणाली, "बोलते मी."

आन् दिवा लागेस्तोवर बोलत राहिली.