गजराबाईंची रोटाची बैठक

आमच्या कोरीट गावात कुणाला म्हैस घ्यायची असो की मुलगी द्यायची असो, लोक आधी माझ्या सासूबाईंना, गजराबाईंना विचारतात. म्हशीचे दात आणि नवऱ्या मुलाची चाल बघून त्या जे सांगतात ते सहसा खरं निघतं. फक्त त्यांच्या स्वतःच्या जिवाबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि ते त्यांना फार लागलं होतं.

झालं असं, की उन्हाळ्यात त्या अंगणात चक्कर येऊन पडल्या. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, पितांबर आणि माझा नवरा नवनीत, दोघांनी त्यांना सुरतच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी मुलांना बाहेर बोलावून सांगितलं. मुलांनी आईला सांगितलं, "गॅस व्हयना," नुसता गॅस झालाय. गॅससाठी नाकात नळी आणि हाताला पट्टे! सासूबाई काय दूधखुळ्या आहेत? घरी आल्यावर कितीतरी दिवस त्या मुलांशी बोलल्या नाहीत. मला मात्र सगळं ऐकवलं.

श्रावणात माझी मुलगी काजल जपानहून सुट्टीवर आली. तिथे ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करते. सासूबाईंनी तिला आल्या आल्या विचारलं, तिथली म्हातारी माणसं मरतात कशी? काजलने सांगितलं, तिथेही पूर्वी डॉक्टर आजार घरच्यांनाच सांगायचे. अजूनही पुष्कळ म्हातारी म्हणतात, मुलं ठरवतील तसं, त्यांना आमचा त्रास नको. आणि मुलं तोंड उघडत नाहीत. म्हणून आता तिथलं सरकारच सांगतं, धडधाकट असतानाच सगळे एकत्र बसा आणि बोलून घ्या. त्याला आयुष्याची बैठक म्हणतात.

सासूबाई लगेच म्हणाल्या, "मंग आपली बैठक कानबाईले!"

कानबाई हा आमच्याकडचा देवीचा सण. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन जाडजूड रोट करतात. ते बाहेर कुणाला द्यायचे नाहीत, उरवायचे नाहीत, भाऊबंदांनीच संपवायचे. कुठेही नोकरीला असलेला माणूस त्या दिवशी घरी येतो.

पंगत बसली, ताटात रोट आणि खीर पडली, आणि सासूबाई मधोमध येऊन बसल्या. "रोट सरत नही तवलोंग कोनी उठानं नही. आयका. माले परत मशीनवर टांगानं नही. माले घरमाच मरानं शे."

जेठांनी तोंडाजवळचा घास ताटात ठेवला. "माय, आसं बोलू नको. लोके काय म्हनतीन?"

"लोके तेराव्याले बुंदी खातीन आनि घर जातीन."

पंगतीत हसू फुटलं. नवनीतने पाण्याच्या निमित्ताने सटकायचं बघितलं, तर मी तांब्याच त्याच्यापुढे आदळला. मग दोघे भाऊ रोट चावत बसले. अर्धा रोट संपल्यावर जेठ डोळे पुसत म्हणाले, "तू सांगशी तसं, माय." नवनीतनेही मान हलवली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

पण सासूबाई काजलकडे वळल्या. "आनि तू? मी पडनू की तठेन फोन करशी ना, आजीले सुरतले ली जा म्हनीसन?"

काजल आल्यापासून सगळ्यांना शहाणपण शिकवत होती. सगळं ठरलेलं असताना शेवटी लांबून आलेलं मूलच कसा घोळ घालतं, हेही तिनेच आम्हाला रंगवून सांगितलं होतं. आता ती मान खाली घालून रोट कुस्करायला लागली.

"हा, आजी. करसू," ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी रडायला लागली.

मला तिचा राग आला. मग वाटलं, तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

सासूबाई मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी काजलची हनुवटी वर केली. "मंग फोन करू नको. आठे ये. मन्हा हात धर, मन्हा डोयामा देख, आनि मंग काय सांगनं ते सांग."

"आनि येवाले उशीर व्हयना तर?"

"तर मी घरमाच शे, आसं समजी ले."

काजल रडता रडता हसली. सासूबाईंनी स्वतःच्या ताटातला रोट मोडून तिच्या हातात दिला. काजलने तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, तेव्हाच त्यांनी तिला उठू दिलं.