डावा सायलेन्सर पुन्हा जुनाच बसवला

मंडळी, आज सकाळी माहुलला एक गाडी पोचवली आणि माझीच जिरली.

एका गिऱ्हाईक काकांची जुनी जपानी मोटारसायकल, दोन सिलिंडरची, सात वर्षं बंद. चार महिने खपून मी ती उभी केली. दोन्ही सिलिंडर एका तालात. इंजिनाच्या बाबतीत माझा कान फसत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

काका स्वतः चालवत घरी निघाले. मी मागे बसलो, मांडीवर गाडीतून काढलेल्या जुन्या सामानाची गोणी. जुना माल गिऱ्हाइकाला परत द्यायची आपली पद्धत.

दारासमोर काकांनी दोनदा रेस केली. आतून काकू ओरडल्या, "कोण रे तो? गाडी पुढे घे!"

काकांचा चेहरा पडला. "पूर्वी नाक्यावरूनच ओळखायची रे ती. आवाज आला की दारात."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. डाव्या सायलेन्सरची आतली जाळी तुटून खणखणायची. मी तो दोष समजून नवी जोडी बसवली होती!

गाडी नाक्यावर नेली, गोणीतला जुना सायलेन्सर काढला आणि दहा मिनिटांत चढवला.

या वेळी गल्लीत शिरतोय तोच काकू दारात, हात पिठाचे. "चालू झाली? आणि मला सांगितलं पण नाय!"

"सांगतोय ना आता. बस मागे," काका म्हणाले.

मी रिक्षाने परत आलो.

इंजिनाची गॅरंटी माझी, पैज लावा. पण आता काम घेताना आधीच विचारणार, म्हणून तुम्हालाही विचारतो: तुमच्या गाडीचा कुठला आवाज मी दुरुस्त करायचा नाही?