रुमालाखालचा शब्द

घाटे सर वर्गात आले की हजेरी घेण्याआधी मनगटावरच्या घड्याळात बघत आणि या घटकेला जगात कुठं काय चाललं असेल ते सांगत. "आता आफ्रिकेत मोंबाशाला दुकानांच्या फळ्या निघत असतील. लिस्बनचा भटारी गरम पाव भट्टीतून काढत असेल." मग हजेरी. पहिल्या दिवशी आम्हांला वाटलं, मास्तर जरा सरकलेले दिसतात. महिन्याभरात आम्हीही कृष्णेवर पोहायला जाताना एकमेकांना मोंबाशाची खुशाली विचारू लागलो. सर स्वतः मुंबईच्या पलीकडे कधी गेले नव्हते, आणि मुंबईलाही गेले ते उत्तरपत्रिका तपासायला.

दुसरी मोठी लढाई संपता संपता मी कराडहून सांगलीच्या कॉलेजात आलो. भूगोल घेतला तो विषयाच्या प्रेमाने नव्हे, गणिताच्या भीतीने. सर जगाचे प्रदेश, तिथली माणसं आणि त्यांचा व्यापार हे तिन्ही एकत्र शिकवत. डोंगर आणि नद्या पाठ करायला लावत नसत. कोणताही देश काढला की त्यांचा प्रश्न ठरलेला, तिथला माणूस शब्द कुठं देतो? "कुणी कागदावर सही करून देतो, कुणी एका ताटात जेवून देतो. तोंडाने नुसतं हो म्हणाला, तर तो पाहुणचार समजा. त्याचा शब्द खरा होतो ती जागा सापडली की देश समजला." परीक्षेत असलं काही लिहिलं तर गुण मिळणार नाहीत, हेही ते प्रामाणिकपणे सांगून टाकत.

वर्गात हे सगळं मनापासून ऐकणारा एकच होता, माझा मित्र गुरुपाद. त्याचे वडील बसाप्पा हळदीचे अडते. शेतकऱ्यांचा माल व्यापाऱ्यांना विकून देणारे. त्यांच्या अडतीतली हळद एडनला, मोंबाशाला जाई आणि गुरुपादला हळदीच्या मागोमाग जायचं होतं. इंटर झाल्यावर बसाप्पांनी शिक्षण पुरे म्हणून सांगितलं. बी.ए.ला अजून दोन वर्षं होती. सर त्यांच्या घरी जाऊन आले. बसाप्पांनी दूध-केळी पुढं केली, "बघू की सर" म्हणाले आणि फाटकापर्यंत पोचवायला आले. सर परत येऊन म्हणाले, "हा पाहुणचार झाला. त्यांचा शब्द घरी मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी ते आम्हां दोघांना घेऊन थेट पेठेत गेले. सौदे चालू होते. हळदीच्या धुळीने सगळ्यांचीच धोतरं लग्नघरची दिसत होती. तिथली रीत अशी की भाव तोंडाने बोलायचा नाही. घेणारा आणि अडत्या रुमालाखाली हातात हात देतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि हात सुटले की सौदा पक्का. लिखापढी नाही, साक्षीदार नाही. बाकीचे नुसता हलणारा रुमाल बघत राहतात. असा ठरलेला सौदा कुणी मोडल्याचं पेठेत कुणाला आठवत नव्हतं.

सर बसाप्पांसमोर बसले आणि म्हणाले, "टाका रुमाल." आजूबाजूचे हसले. बसाप्पाही हसले, पण टाकला. सरांनी दोन बोटं दाबली असावीत. बराच वेळ रुमाल हलला नाही. मग बसाप्पा पुढं वाकून सरांच्या कानात काहीतरी बोलले. सरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि हात सुटले.

ते कानातलं बोलणं आम्हांला दोन वर्षांनी कळलं, वाचकांना आत्ताच सांगतो. "दोन वर्सं तुमची. म्होरचं पोरगं माझं. त्यो पेठ सोडून गेला, तर तुमी शब्द मोडला."

गुरुपाद पहिल्या वर्गात बी.ए. झाला. त्याच सुमारास मुंबईच्या एका पेढीला मोंबाशाच्या कचेरीसाठी पदवीधर हवा होता. अट एकच, प्राध्यापकाची शिफारस. गुरुपाद पेढे घेऊन सरांकडे गेला, मी सोबत होतो. सरांनी पेढा घेतला आणि शिफारस देणार नाही म्हणाले. मग कारण सांगितलं. "तुझ्या वडिलांनी आपण होऊन मला शब्दातून मोकळं केलं, तर आत्ता लिहून देतो. मी आधी मागणार नाही."

गुरुपाद घरी गेला. बसाप्पा म्हणाले, "सरांनी म्हनावं शब्द परत द्या, मी देतो. मी आदी सोडला तर उद्या माज्या हातात हात कोन देईल?" गुरुपाद पुन्हा सरांकडे. आठवडाभर त्याने त्या दोन घरांमध्ये चपला झिजवल्या. दोघांचंही मन तयार होतं, असं मला आजही वाटतं. पण आधी सोडणारा तो मोडणारा, या हिशेबापुढं कुणी पाऊल टाकेना. रुमालाखाली काय झालं ते आम्हां चौघांखेरीज पाचव्या माणसाला ठाऊक नव्हतं. मोडला असता तर पेठेतल्या कुत्र्यालाही कळलं नसतं. जगभरच्या माणसांना समजून घ्यायला शिकवणारे सर एका अडत्यापुढं अडून बसले, याचा मला भयंकर संताप आला होता. मोंबाशाची जागा दुसऱ्या कुणाला गेली. गुरुपाद वडिलांच्या अडतीच्या गादीवर बसला.

पुढं सरांनी नोकरी सोडली आणि ते साताऱ्याला भावाकडे राहायला गेले. दम्याने खंगले होते. आजार वाढल्याचं कळलं तेव्हा मी गुरुपादला चल म्हटलं. तो येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. सर खाटेवर उशांना टेकून बसले होते. त्यांनी हळदीचा भाव विचारला, बसाप्पांची तब्येत विचारली. मग बराच वेळ खोकून झाल्यावर म्हणाले, "गुरुपाद, मी चुकलो रे. शब्द मी आधी परत मागायला हवा होता. माझा शब्द गेला असता, एवढंच."

गुरुपाद खाली बघत होता. त्याच्या नखांच्या कडा हळदीने पिवळ्या झाल्या होत्या.

"तसं म्हनू नका, सर," तो म्हणाला. "तुमी बरोबर हुता म्हनून मी ऱ्हायलो. आता तुमी चुकला म्हनला, तर माजं मोंबासा कशापायी गेलं?"

सरांनी पाठीमागची उशी सरळ केली. मग त्यांनी "बरं" म्हटलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.