मोडलेलं लग्न आणि माझं सर्टिफिकेट

माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न मी एका दुपारी, जेवणं झाल्यावर, मोडलं. मुलगा चांगला होता, घराणं चांगलं होतं, मानपानावरून भांडणही नव्हतं. फक्त मी सॉफ्टवेअर इंजिनिअर होतो.

सारिकाच्या लग्नाला नऊ दिवस राहिले होते. घरून काम करायची परवानगी काढून मी सोलापुरात आलो होतो आणि आल्या आल्या हौस केली. सगळ्या पाहुण्यांना एका बटणात आमंत्रण जाईल असं ॲप बनवलं! (कुणी सांगितलं नव्हतं. पत्रिका छापून आल्या होत्या.) आता आमच्या धंद्यात एक खोड असते. सगळं सुरळीत झालं तर काय, हे बघून आमचं भागत नाही. वाटोळं झालं तर काय, तेही आधीच बघून ठेवायचं. म्हणून मी दुसराही मेसेज तयार केला : 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, चि. सौ. कां. सारिका हिचा विवाह रद्द झाला आहे.' तो फक्त माझ्या फोनवर पाठवून बघणार होतो.

तेवढ्यात माझी ऑनलाइन मीटिंग सुरू व्हायची वेळ झाली. लॅपटॉप सोफ्यावर उघडा ठेवून मी अप्पांना, म्हणजे वडिलांना, बजावलं, "अप्पा, डावीकडं स्टेजिंग आहे, उजवीकडं प्रॉडक्शन. प्रॉडक्शनवरून काही ट्रिगर करायचं नाही. कळलं?"

"व्हय," अप्पा म्हणाले. अप्पा आयुष्यात कशालाच 'कळलं न्हाय' म्हणालेले नाहीत. (डावीकडचं बटण नुसतं चाचणीचं, उजवीकडचं दाबलं की मेसेज खरोखर सगळ्यांना जाणार, एवढं सोपं मी बोललोच नाही.)

मी ऑफिसचा दुसरा लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेलो, दार लावलं आणि मीटिंगमध्ये बोलायला लागलो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मीटिंग म्हणजे मीच घेत असलेला वर्ग होता. विषय : तांत्रिक गोष्टी सामान्य माणसाला सोप्या भाषेत कशा सांगाव्यात!

बाहेर अप्पांनी विचार केला, पोरगं कामात आहे, आपण हातभार लावू. उजवीकडचं बटण मोठं होतं. दाबलं.

मी टाळ्या घेऊन बाहेर आलो तर बार्शीची आत्या फोनवर हंबरडा फोडून रडत होती. "काय झालं रं पोरीला? कुणाची नजर लागली?" दुसऱ्या फोनवर करमाळ्याचा मामा. "मी जीपवाल्याला नको म्हणून सांगितलंय. आता तुमी काय वाईट वाटून घेऊ नका!" शेजारच्या काकू तर डबा घेऊन दारात उभ्या. त्यात पिठलं होतं, दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून.

मी घाईघाईनं सगळ्यांना खुलासा पाठवला : 'तांत्रिक त्रुटीमुळे टेस्ट डेटा प्रॉडक्शनवरून ट्रिगर झाला. कृपया नोंद घ्यावी.'

मामाचा लगेच फोन. "लेका, ह्यातलं मला 'कृपया' तेवढं कळलं."

तासाभरात कुंभारीहून मुलाचे वडील, बसप्पाकाका, चार माणसं घेऊन दारात. चहाला हात लावेनात. आई पदराला डोळे पुसतेय, सारिका स्वयंपाकघराच्या दारात पांढरीफटक. काका मला म्हणाले, "एकच सांग. पोरगी द्यायची हाय का न्हाय?"

मी लॅपटॉप उघडला. (आजही आठवलं की अंगावर पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं!) "काका, मूळ कारण असं, की दोन एन्व्हायर्नमेंट असतात..."

काका उठले. "चला रे. ह्यांचं काय खरं दिसंना."

"काका, थांबा की!" सारिका पुढं आली. "आग लागली तर काय वरडायचं, ते दादानं लिहून ठेवलं होतं. अप्पांनी ते वरडून टाकलं. आग न्हाय लागली. मला लग्न करायचं हाय."

काका दारातून मागं फिरले. मग खाली बसले, गार चहा एका घोटात संपवला आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "येवढंच होतं व्हय? मग ह्यो मगाधरनं काय सांगत होता?"

सारिकाचं तेच वाक्य मी मुकाट्यानं टाइप केलं आणि सगळ्यांना पाठवलं. मामानं जीप परत ठरवली. पिठलं आम्हीच खाल्लं.

लग्नाच्या दिवशी मांडव भरलेला, हातात अक्षता, आणि बसप्पाकाकांनी माइक मागून घेतला. "मुलीच्या भावाला फुडं बोलवा. हां. सगळ्यांसमोर सांग बाबा, आज लग्न हाय न्हवं?"

सगळा मांडव माझ्याकडं बघतोय. मी माइक धरला आणि म्हणालो, "काका, शंभर टक्के! आता आपण थेट प्रॉडक्शनवर आहोत!"

'प्रॉडक्शन' ऐकताच बार्शीच्या आत्यानं पदर डोळ्याला लावला.

मुंडावळ्या बाजूला सारून स्टेजवरून सारिका ओरडली, "अरे दादा, नुसतं व्हय म्हण की!"

त्या वर्गाबद्दल ऑफिसनं मला 'उत्कृष्ट संवादक' असं सर्टिफिकेट दिलंय. आईनं ते कपाटात साड्यांच्या खाली ठेवलंय. म्हणते, "पाहुणे येतात रे घरी."